रीड नसलेला सॅक्सोफोन

नातीने क्लॅरिनेटची रीड, म्हणजे जिच्यामुळे सूर निघतो ती बोरूची पातळ पट्टी, ओली करायला जिभेवर धरली. त्या ओल्या बोरूच्या वासाने मला वीस वर्षांपूर्वीच्या उल्हासनगरच्या वरातीत नेऊन उभं केलं.

माझ्या बँडमध्ये माणसं जास्त दिसावीत म्हणून आम्ही काहींच्या हाती मुकी वाद्यं द्यायचो. अंबरनाथचा दिनकर रोज संध्याकाळी कारखाना सुटल्यावर माझ्याकडे सॅक्सोफोन शिकायचा. पुढच्या लग्नात त्याला खरोखर वाजवू देणार होतो. त्या दिवशी मात्र तो रीड काढलेला सॅक्सोफोन तोंडाला लावून शेजारी नुसते गाल फुगवत होता.

वरचा सूर घेताना माझा सॅक्सोफोन किंचाळला. नवरदेवाचे काका ओरडले, "मास्टरजी, बकरी काट रहे हो क्या?"

मी, लाल कोटातला भित्रा फुगा, दिनकरवर खेकसलो, "अक्कल नाही तर फुंकतोस कशाला रे?"

सगळी वरात हसली. त्याने सॅक्सोफोनचं रीड नसलेलं तोंड दाखवलं असतं तर मीच उघडा पडलो असतो. तो एवढंच म्हणाला, "चुकलं, मास्तर."

तो पुन्हा शिकायला आला नाही. "त्याला सूरच नव्हता," असं मी सगळ्यांना सांगत राहिलो. साफ खोटं. त्याचा सूर माझ्यापेक्षा स्वच्छ लागायचा, आणि तो येईनासा झाला तेव्हा मला बरंच वाटलं होतं.