सोमवारचा पास्ता

हरिश्चंद्र कुबलचा कोणावरही विश्वास नाही. मासेवाली शपथ घेते तरी हा बांगड्याचे कल्ले उघडून बघतो. देवळातला प्रसादही आधी हुंगतो. जहाजावर कुक होता, इटालियन साहेबांना पास्ता खाऊ घालून निवृत्त झाला आणि मालवणात, वायरीच्या रस्त्याला त्याने इटालियन हॉटेल काढलं. आम्ही शेजाऱ्यांनी खाल्लं. खोटं कशाला बोलू, तो पांढरा सॉस आजाऱ्याच्या पेजेसारखा लागला. गिऱ्हाइकं ताटं अर्धी टाकून उठत. हा सीझन असाच गेला तर हॉटेल बंद करून मुंबईला मुलीच्या दारात जाऊन बसावं लागणार, या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

फक्त सोमवारी ताटं चाटूनपुसून रिकामी होत. सोमवारी मासे न खाणारे जास्त येतात, हे खरं. पण पेज कोण चाटून खातं? त्यात सोमवारी हरिश्चंद्रचा कडक उपास, जहाजावरसुद्धा न मोडलेला. त्या दिवशी सॉस न चाखताच गिऱ्हाइकांपुढे जातो. संशयी माणसाला एवढं पुरे. त्याने स्वयंपाकघरात हाताखाली असणाऱ्या बायकोवर, रुक्मिणीवर, पाळत ठेवली.

परवाच्या सोमवारी मी तिथे चहा पीत होतो. हा मला स्वयंपाकघराच्या दाराशी ओढून कुजबुजला, "भाऊ, ही कायतरी करता. मिक्सर वाजता. इचारलंय तर म्हणता, घरातल्या उसळीचा वाटप."

"मगे चाखून बघ."

"आज सोमवार!"

"मगे गप रव."

गप राहणं जमलं असतं तर तो हरिश्चंद्र कसला! रुक्मिणी विहिरीवर गेली तसा त्याने सॉसात चमचा बुडवला आणि इतक्या वर्षांचा उपास मोडला. ओल्या खोबऱ्याचं वाटप, वर तिरफळाचा झणका! मला वाटलं, आता टोप अंगणात जाणार. त्याने दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. त्याचे डोळे भरून आले होते, आणि मला त्याची फार दया आली.

रुक्मिणी दारात उभी. "अहो, आज सोमवार मां?"

"माशी पडली काय, बघी होतंय," हा म्हणाला. मिशीला सॉस तसाच.

मंगळवारी सकाळी तिने नेहमीसारखा चाखायला चमचा पुढे केला.

"नको. आज माझो उपास आसा."

"मंगळवारी?"

"गणपतीचो."

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. बुधवारी कोणत्या देवाचा उपास धरतात, विचारत होता.