एकच पट्टी

ज्या पोरीनं मला शाळेच्या व्हरांड्यात उलट उत्तर दिलं, तिचे उपकार मी आजही मानते.

लोह्याच्या शाळेत मी गाणं शिकवते. माझ्या लातूरच्या गुरुजींचा दंडक होता, मुलींनी पेटीच्या काळी चार पट्टीतच गायचं. एवढ्या वरच्या पट्टीत माझा गळा छान लागायचा, म्हणून चौदा वर्षं मी सगळ्या मुलींची परीक्षा त्याच पट्टीत घेतली. सगळ्यांना सारखं माप, म्हणजे न्याय झाला, असं मला वाटायचं. केवढा तो तोरा!

त्या वर्षी आठवीतल्या एका मुलीचा आवाज वर जाताना चिरकला. मी ‘क’ श्रेणी दिली. ‘क’वाल्यांना तालुक्याच्या स्पर्धेच्या गायनसंघात घेत नसत. यादी लागली तशी ती थेट माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

“बाई, मला क कामून दिला?”

“सूर लागला नाही म्हणून.”

“पट्टी तुमच्या गळ्याची हाय, बाई. माझ्या न्हाई.”

माझं डोकंच फिरलं. “लई शहाणी झालीस का गं?” म्हणून खेकसले. तिचे डोळे भरून आले, पण बया जागची हलेना. “एकदा खालून घ्या. मग नापास करा.”

तिचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून मी वर्गातली पेटी व्हरांड्यात ओढली आणि खालच्या काळी दोनचा सूर धरला. ती गायली. अगं बाई! भरदार, स्वच्छ, कुठं म्हणून हलला नाही तो आवाज. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘क’ खोडून तिथल्या तिथं ‘अ’ केला आणि तिला संघात घेतलं. मुख्याध्यापक यादीतल्या खाडाखोडीवरून कुरकुरले. कुरकुरू देत म्हटलं.

ती खूश होऊन पळेल असं वाटलं होतं. तर ती खांबाआड उभ्या असलेल्या मैत्रिणीला हाताला धरून घेऊन आली. “बाई, हिचं पण ऐका ना.” मैत्रिणीलाही मी ‘क’च दिला होता, पण ती एका शब्दानं भांडली नव्हती.

“ये गं, म्हण,” मी म्हटलं.

“नको बाई. मला गाता येत न्हाई.”

“कुणी सांगितलं तुला?”

ती खाली मान घालून म्हणाली, “तुम्हीच की.”