बाराजणांची पेन्शन

माझे बाबा आमच्या समुद्रकाठच्या छोट्या शहराच्या नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. कुठल्या वाडीला किती वाजता पाणी सोडायचं, कुठला व्हॉल्व्ह कुठे पुरलाय, सगळं त्यांच्या डोक्यात. ते निवृत्त झाल्यावर ठेकेदाराची माणसं आली.

गेल्या वर्षी पेन्शन पाच महिने थकली. बाबांसारखे बाराजण होते. चौकशीला गेलं की एकच उत्तर, "पेन्शनचा बोजा पालिकेला झेपत नाही." त्याच सुमारास पर्यटकांसाठी स्वागत कमान आणि रंगीत दिवे मंजूर झाले. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी आणू लागले. गोळी घेताना ते माझ्याकडे बघत नसत.

एप्रिलात एका सकाळी बाजारातली मोठी पाइपलाइन फुटली. रस्त्यावरून पाणी वाहत होतं आणि कुणाला व्हॉल्व्ह सापडेना. शेवटी पालिकेचे अभियंता आमच्या दारात आले. बाबा चपला घालायला लागले, तशी आई भडकली.

"पाच म्हयने पेन्शन नाय, आणि तुमी धावतास?"

"गो, पाणी लोकांचा आसा," बाबा म्हणाले. "पेन्शन येवक नाय म्हणान लोकांनी तानेला रवाचा काय?"

मी त्यांच्या मागोमाग गेले. मच्छीमार्केटच्या भिंतीपासून त्यांनी पावलं मोजली आणि सुशोभीकरणाच्या नव्या फरशीवर पाय ठेवला. "हंय खणा." फरशीखाली व्हॉल्व्ह होता. तासाभरात पाणी थांबलं.

पुढच्या सभेत पालिकेने बाबांचा सत्कार ठेवला. नगराध्यक्ष शाल घेऊन पुढे झाले. बाबांनी हात जोडले आणि कधी नव्हे ते शुद्ध मराठीत बोलले, "साहेब, शाल नको. आम्हा बाराजणांची पेन्शन द्या. कमान पुढच्या वर्षी बांधली तरी चालेल, औषध पुढच्या वर्षी घेऊन चालत नाही."

मग मागच्या रांगेतल्या एक नगरसेविका उठल्या आणि कमानीचा ठराव पुन्हा चर्चेला घ्या म्हणाल्या. दुपारपर्यंत भांडण चाललं. कमान पुढे ढकलली गेली. दिवे मात्र लागलेच. थकलेली पेन्शन दोन हप्त्यांत बाराहीजणांना मिळाली.

सभेतून घरी येताना बाबांनी विचारलं, "माझो आवाज थरथरलो काय गो?"

थरथरला होता. पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला होता. मी त्यांना तसंच सांगितलं.