तात्या आणि उभी तापणारी गाडी

नांदेडच्या दवाखान्यातून विलासचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला, "तात्या गेले." माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "नक्की?" मग म्हटलं, "डॉक्टरांनी नीट बघितलं का? दुसऱ्या कुणाला विचारलं का?" बोलून झाल्यावर माझं मलाच कळलं की हे प्रश्न माझे नव्हतेच. ते तात्यांचे होते. तात्या म्हणजे माझे सासरे; ते असते तर त्यांनी स्वतःच्या मरणाचीही अशीच उलटतपासणी घेतली असती...

तात्या रेल्वेत गार्ड होते. पूर्णेहून निवृत्त झाले आणि ताडकळसला घरी येऊन बसले, पण डोळ्यांतली ड्युटी काही संपली नाही. दुकानदाराचा काटा, गवळ्याचं माप, लाइनमनचं मीटर, डॉक्टरांची गोळी, सगळ्यांकडे ते मान तिरकी करून बघायचे. माझ्या लग्नात त्यांनी मंगळसूत्राच्या वाट्या सोनारासमोरच कसोटीच्या दगडावर दोनदा घासून बघितल्या होत्या. मी गंगाखेडची. आमच्या घरी दार उघडं टाकून शेतात जायची सवय, त्यामुळे सुरुवातीला या माणसाची भीतीच वाटायची.

विलासनं जुनी गाडी घेतली त्या वर्षीची गोष्ट. माझा धाकटा भाऊ दत्ता मेव्हणीच्या लग्नासाठी गाडी घेऊन गेला आणि लग्न उरकल्यावर धुऊन पुसून परत आणून लावली. नंतर बरेच दिवस ती शेडमध्येच उभी होती. मग एकदा पूर्णेच्या रेल्वे फाटकात आम्ही थांबलो, मालगाडी काही संपेना, आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. मागच्या सीटवरून तात्या शांतपणे म्हणाले, "दत्तरावानं पाण्याबिगर पळवली असंल."

तिथून सुरू झालं. मिस्त्रीनं रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट बदलला, पंखा फिरतो म्हणून सांगितलं, आणि तरी गाडी उभी राहिली की तापायचीच. शेवटी तो म्हणाला, "इंजिनाचं हेड, वरचं झाकण, खोलावं लागंल." तात्यांनी त्याला हात लावू दिला नाही. "ह्यो बी दत्तरावाला सामील हाय," असं त्यांनी मला घरी येऊन सांगितलं. मिस्त्री पूर्णेचा, दत्ता गंगाखेडचा, दोघांनी एकमेकांचं तोंडही बघितलेलं नव्हतं!

भाऊबीजेला दत्ता आला. पाटावर बसलेल्या माझ्या भावाला तात्यांनी पाहुण्यांसमोर विचारलं, "लग्नाला जाताना गाडीत पाणी बघितलं होतं का? कुणी बघितलं? तुमी का डायवरनं?" दत्ताचा चेहरा उतरला. मी ओवाळलं, पण तो न जेवता उठला. त्यानंतर त्याचं येणं थांबलं, फोनही कमी झाले. आणि मग मलाही संशयानं घेरलं. वाटायचं, गाडीचं निमित्त आहे, या माणसाला माझं माहेर तोडायचंय. त्यांना चहा देताना मी त्यांच्याकडे बघेनाशी झाले.

एका सकाळी मीच गाडी अंगणात काढली आणि इंजिन चालू ठेवून तापमानाच्या काट्याकडे बघत बसले. रस्त्यानं जाताना काटा कधी वर जात नव्हता, थांबलं की चढायचा. म्हणजे धावताना समोरून वारा लागतो तोवर ठीक. मग उभ्या गाडीला वारा कोण देतं? पंखा. आणि पंखा तर फिरत होता...

"काय करायलीस?" तात्या मागे येऊन उभे होते. मी रागातच सगळं सांगितलं. त्यांनी मान तिरकी केली. "फिरायलाय म्हणजे हवा आत वढायलाय, हे कुणी बघितलं?"

त्यांनी आतून वर्तमानपत्राचं पान आणलं. इंजिन तापून पंखा सुरू झाला तसं ते पान गाडीच्या पुढच्या जाळीला लावलं. पंखा हवा आत ओढत असता तर कागद जाळीला चिकटून बसला असता. तो उडाला आणि तात्यांच्याच छातीवर येऊन आदळला. पंखा उलटा फिरत होता, आतली गरम हवा बाहेर ढकलत होता.

गाडी बंद करून आम्ही पंख्याच्या वायरी शोधल्या. दोन ठिकाणी काळी पट्टी गुंडाळलेली होती. मी म्हटलं, "हे मिस्त्रीचं काम." तात्यांनी त्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"न्हाई," ते म्हणाले. "हे माझं काम हाय."

शेडमध्ये उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. मिस्त्री चांगला माल काढून जुना घालील, या संशयानं तात्यांनी कुणाला न सांगता त्या स्वतःच जोडल्या होत्या... मळक्या, एकाच रंगाच्या झालेल्या दोन वायरी, आणि त्याही उलट्या. इंजिन गार झाल्यावर त्यांनी त्या सोडवून अदलाबदल केल्या. पुन्हा गाडी तापवली. या वेळी कागद जाळीला घट्ट चिकटला, काटा अर्ध्यावर येऊन थांबला. मला हसावं की रडावं कळेना. तात्या फक्त म्हणाले, "गंगाखेडला चल."

"उद्या जाऊ की."

"उद्याचा भरवसा न्हाई. आत्ताच."

दत्ता दारात आला तेव्हा तात्या पायरीवरच उभे राहिले. शेजारच्या ओट्यावरच्या बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले, "दत्तराव, वायर मी उलटी जोडली होती. तुमचा काडीचा संबंध नव्हता. चारचौघांत बोललो, म्हणून चारचौघांत सांगायलोय."

दत्ता गडबडला. "आत या तात्या, बसा आधी."

तात्या बसले, पाणी प्याले. मग हळूच विचारलं, "पण पाणी बघितलं होतं का, ते सांगाच."

"बघितलं होतं, तात्या," दत्ता म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. त्या दिवशी ते दोघं एका पंगतीला जेवले. तात्यांनी वरण मागून घेतलं. परत येताना मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. माझा राग वाटेत कुठे गळून पडला, ते मलाही सांगता येणार नाही.

तात्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. ओसरीवरची त्यांची खुर्ची आम्ही हलवलेली नाही. रोज सकाळी गवळी येतो, दूध मापात भरतो आणि पातेल्यात ओतण्याआधी ते माप खुर्चीकडे वळवून क्षणभर धरतो. मग तो ओततो.