निर्गुडीचा निकाल

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गुडघेदुखीवर एकच इलाज उरला होता. दुखण्याच्या गोळ्या खाऊन खाऊन त्यांची किडनी बिघडली आणि नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या कायमच्या बंद केल्या. तेव्हापासून बांधावरच्या निर्गुडीचा ओला पाला तव्यावर गरम करायचा आणि फडक्यात गुंडाळून गुडघ्याला बांधायचा. थोड्या वेळानं अण्णा म्हणायचे, "आता बरं हाय," आणि उठून गोठ्यात जायचे.

एम. फार्मच्या प्रबंधाला मी निर्गुडीच घेतली. विज्ञानाची सेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं. अण्णांच्या इलाजावर मला शिक्का मारून हवा होता. मिरजगावहून एसटीनं नगरला निघाले, तेव्हा पाल्याची गोणी त्यांनीच भरून दिली.

कॉलेजात तो पाला सावलीत वाळवला, भुकटी केली, अर्क काढला. प्राण्यांवरच्या प्रयोगाला मिळालेल्या मंजुरीच्या कागदावर तसंच लिहिलं होतं. मग पांढऱ्या उंदरांना अर्क पाजायचा आणि एकेकाला गरम पत्र्यावर ठेवायचं. तो पाय चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंत सेकंद मोजायचे. पंधरा सेकंद झाले की उचलायचंच, नाहीतर पाय भाजतो. एका गटाला नुसतं पाणी पाजलेलं असायचं. अर्कवाल्या प्रत्येक उंदराला मी मनातल्या मनात विनवायचे, थांब की रे थोडा. तो थांबायचा नाही. पाणीवाले आणि अर्कवाले सारख्याच वेळात पाय चाटायचे. त्या जिवांना चटके देताना वाईट वाटायचं, आणि त्यांचा रागही यायचा. दोन्हीची लाज वाटायची.

आकडे मांडल्यावर माझ्या शहाण्या डोक्यात प्रकाश पडला. अण्णा पाला पितात कुठे? ते तर ओला बांधतात. पण मंजूर झालेले उंदीर संपले होते. सर म्हणाले, "गुण नाही, हाही निकालच असतो. लिहून टाक."

शनिवारी घरी गेले. चपलाही काढल्या नव्हत्या, तर ओट्यावरून अण्णांनी विचारलं, "काय म्हंत्यात तुझे उंदीर? गुन आला का?"

"नाही आला," तोंडातून निघून गेलं.

मग मी सारवासारव करत बसले. आम्ही वाळवून पाजला, तुमचा ओला असतो, वरून बांधता, दोन्ही वेगळं. अण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मुक्या जनावराला खोटं बोलता येत न्हाई, पोरी," ते म्हणाले. "मलाच बरं हाय म्हनायची सवय लागली आसंल."

दुसऱ्या दिवशी मी पाला गरम करून बांधला. बरं वाटतंय का, विचारलं. "व्हय, व्हय," ते लगेच म्हणाले, पण गोठ्यात काही गेले नाहीत. नंतर त्यांनी पाला मागणंच सोडलं. आई चिडली, रडली, मी हात जोडले. अण्णा म्हणतात, आता दुखतच नाही.

प्रबंध पास झाला. बांधावरची निर्गुडी डोक्याएवढी वाढली आहे, तिला कुणी हात लावत नाही. मी सुट्टीला गेले की गुडघा चोळत बसलेले अण्णा रस्त्यावरूनच दिसतात. फाटक वाजलं की ते गुडघ्यावरचा हात काढून घेतात.