न लिहिलेली मनाई

दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत सदाशिव पेठेत यज्ञेश्वरशास्त्री म्हणून एक न्यायशास्त्र शिकलेले गृहस्थ राहत. विद्या चांगली, पण स्वभाव भिडस्त, त्यामुळे मोठ्या सभेत कधी नाव झालं नाही. मुठेकाठी एका इंग्रज कप्तानाने बाग घेतली होती. त्याला मराठी शिकवायचं काम त्यांना मिळालं आणि शिकवता शिकवता त्यांनाच इंग्रजी येऊ लागलं.

शनिवार पेठेतले गोपाळकृष्णशास्त्री त्यांचे गुरुबंधू. बारा वर्षं दोघे एकाच गुरूच्या घरी वाढलेले. रोज संध्याकाळी ओंकारेश्वराच्या ओट्यावर ते भेटत. यज्ञेश्वर त्या दिवशी ऐकलेला इंग्रजी वाक्प्रचार सांगत आणि गोपाळकृष्ण त्याच्या चिंध्या करत.

“दारावर थाप पडली, कोण म्हणून विचारलं, तर साहेब ‘मी आहे’ म्हणत नाही, ‘मला आहे’ म्हणतो? इथे द्वितीया कुठून आली?”

“बोलायची रीत आहे त्यांची.”

“रीत आहे म्हणजे व्याकरण नाही. पुढे?”

पुढे असं, की माणूस कोलमडून पडला म्हणजे इंग्रज म्हणतात, त्याचं डोकं टाचांच्या वर गेलं.

गोपाळकृष्णांनी शांतपणे आपल्या टाचांकडे पाहिलं. “माझं आत्ताही टाचांच्या वरच आहे. मी पडलोय का?”

ओट्यावरची माणसं हसली. यज्ञेश्वरही हसले; पण अलीकडे त्यांना ही थट्टा आपलीच वाटू लागली होती. म्हणून एके दिवशी त्यांनी मुद्दाम एक म्हण निवडून आणली. अपवाद नियम सिद्ध करतो.

“मोडतो,” गोपाळकृष्ण म्हणाले.

“सिद्ध करतो. एकादशीला भात खाऊ नये म्हटलं, की इतर दिवशी खायला हरकत नाही हे आपोआप ठरलं. निराळं सांगावं लागत नाही. साहेब आपल्यासारखाच विचार करतो, गोपाळ.”

“इतर दिवसांबद्दल तो वक्ता काही बोललाच नाही. जे बोललं नाही ते तू त्याच्या तोंडी घालतोस.”

वाद तीन संध्याकाळ चालला. तिसऱ्या दिवशी यज्ञेश्वरांची बाजू वरचढ होऊ लागली, लोक माना डोलावू लागले. तेव्हा गोपाळकृष्ण उपरणं झटकून उठले. “साहेबाचं मीठ खाल्लं की त्याचा तर्कही गोड लागतो,” एवढं बोलून ते पायऱ्या उतरले. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. रस्त्यात भेटले तरी एकजण गल्ली बदलत असे.

दोन वर्षं अशी गेली. कप्तानाच्या बागेच्या टोकाला एक जुना घाट होता. आसपासचे लोक तिथे स्नानाला, तर्पणाला येत. कप्तानाला तो बंद करायचा होता. यज्ञेश्वरांनी पुष्कळ विनवलं, तेव्हा अमावास्या आणि पर्वणी एवढे दिवस त्याने मोकळे ठेवले. पाटी लिहायचं काम अर्थात यज्ञेश्वरांकडे आलं. त्यांनी एकच ओळ लिहिली. ‘अमावास्या व पर्वणीचे दिवशी घाटावर येण्यास मोकळीक असे.’

कप्तानाने ती अडखळत वाचली. “शास्त्रीजी, बाकीचे दिवस मना, ते कुठे आहे?”

“साहेब, तुमचीच म्हण आहे. अपवाद सांगितला की नियम आलाच.”

कप्तान हसला आणि पाटी लागली. लिहिताना यज्ञेश्वरांच्या मनात गोपाळकृष्ण होते. तो वाचील आणि मनातल्या मनात जळेल, असं त्यांना वाटलं होतं.

भाद्रपदात अष्टमीला गोपाळकृष्णांच्या वडिलांची तिथी. दरवर्षी ते त्याच घाटावर तर्पण करत. त्यांनी पाटी वाचली आणि फाटकातून आत गेले. पहारेकरी आडवा आला. पाटीत मनाई कुठे लिहिली आहे, असं ते त्याला विचारू लागले. त्याला वाचता येत नव्हतं; त्याला हुकूम ठाऊक होता. त्यांना मागे खेचता खेचता धक्का बसला. पावसाळ्यात पायरीवर शेवाळ धरलेलं, पाय सुटला आणि डोकं दगडावर आपटलं.

लोकांनी त्यांना उचलून घरी नेलं. ते चार दिवस जगले. यज्ञेश्वर रोज सकाळी शनिवार पेठेत जात, त्यांच्या दारासमोर उभे राहत आणि आतून कुणी हाक मारील म्हणून वाट पाहत. हाक आली नाही. आपण होऊन उंबरा ओलांडायचा धीर त्यांना झाला नाही. पाचव्या दिवशी गेले तेव्हा अंगणात गोवऱ्या आणून टाकलेल्या होत्या.

चौकशीला सरकारातून कारकून आला. कप्तानाने सांगितलं, पाटी स्पष्ट होती, शास्त्रीजींना विचारा. सगळ्यांच्या नजरा यज्ञेश्वरांकडे वळल्या. आपलं ओट्यावरचं म्हणणं खरं होतं, हे त्यांना त्या क्षणीही पक्कं ठाऊक होतं.

“पाटीत मनाई लिहिलेली नाही,” ते म्हणाले. “गोपाळकृष्णशास्त्र्यांनी लावला तोच अर्थ बरोबर. चूक लिहिणाऱ्याची.”

कप्तानाने त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. कारकुनाने पाय घसरून मृत्यू असं लिहून नेलं. पहारेकऱ्याला कुणी काही विचारलं नाही.

तेराव्यानंतर यज्ञेश्वर गोपाळकृष्णांच्या पत्नीला, मथुरावहिनींना, भेटायला गेले. त्या आतल्या दाराआड बसल्या होत्या. चौकशीत काय बोललो, ते त्यांनी खाली मान घालून सांगितलं.

 आतून त्या म्हणाल्या, “भावजी, हेच त्यांना ओट्यावर म्हणाला असतात, तर ते तुमच्याकडे जेवायला आले असते.”

 थोड्या दिवसांनी मथुराबाईंना भावाने वाईला नेलं.

पुण्यात मग यज्ञेश्वरांचं मन लागेना. हडपसरच्या सर्जेराव पाटलांनी त्यांना मारुतीच्या देवळात राहायला जागा दिली. गावकऱ्यांचे कागद लिहून द्यायचे, पंचांग सांगायचं. शास्त्रार्थाला कुणी बोलावलं तर ते प्रकृतीचं निमित्त सांगत. कागद मात्र फार लांब लिहीत. गेनबा नावाच्या शेतकऱ्याने विहिरीच्या पाण्याचा कागद करायला सांगितला, तर त्यात पाणी कोणत्या दिवशी घ्यावं, कोणत्या दिवशी घेऊ नये, असं सगळं त्यांनी वेगवेगळं मांडलं.

“शास्त्रीबुवा, सोमवारी माजी पाळी हाय एवढंच लिवा की,” गेनबा म्हणाला. “बाकीच्या वाराला न्हाई, ह्ये काय कळत न्हाई व्हय लोकांस्नी?”

“कळतं,” यज्ञेश्वर म्हणाले, आणि मंगळवारपासून पुढे लिहू लागले.