पुसता न येणाऱ्या सीड्या

सीड्या बनवायच्या दुकानात मी काही वर्षं काढली असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, ‘पिक्चरच्या?’ नाही हो. कंपन्यांचे कॅटलॉग, मंडळांच्या याद्या, असला रुक्ष माल. पण धक्के मात्र पिक्चरपेक्षा जास्त बसले. एक सांगायला घेतला की मागून दुसरा आठवतोच.

* * *

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. उल्हासनगर कॅम्प एकला नारीशेठचं दुकान. मी अंबरनाथहून यायचे, वसंता बदलापूरहून. तो मशीन सांभाळायचा, मी गिऱ्हाइकं.

सीडी लिहायचं मशीन आलं, त्या दिवशी शेठनं पूजा घातली. कोरी सीडी तेव्हा इतकी महाग की तिला हात लावायचीही भीती वाटायची. वसंता चहा सांगायला गेला, तेवढ्यात शेठनं पहिल्या सीडीला कुंकू लावलं. चकचकीत बाजूला.

वसंता परत आला, बघितलं आणि मटकन खुर्चीत बसला. “शेठ, लिहायची बाजू हीच.”

शेठचा चेहरा उतरला. “मग टिळा काय पाठीला लावायचा?”

* * *

एक सीडी लिहायला तास उलटून जायचा. मधे वीज जराशी लचकली तरी सीडी गेली कचऱ्यात. आमच्या खाली जीन्स शिवायचा कारखाना. दुपारी जेवण आटोपून कारागिरांनी एकदम मशीनी सुरू केल्या की आमची ट्यूबलाइट मान टाकायची.

बऱ्याच सीड्या वाया गेल्यावर शेठ तावातावानं खाली गेला. मीही मागोमाग. कारखान्याच्या मालकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“साईं, आम्ही जेवून उठतो तेव्हा तू जेवायला बस ना,” तो म्हणाला.

हे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

* * *

बदलापूरच्या एका वधूवर मंडळानं स्थळांची सीडी करून घेतली. सीड्या वाटल्या आणि लगेच एक गृहस्थ धापा टाकत दुकानात आले. मुलीचं लग्न ठरलं होतं.

“यातून तिचं नाव काढा.”

वसंतानं समजावलं, “काका, हे पेन्सिलीनं लिहिलेलं नाही. एकदा लिहिलं की पुसता येत नाही.”

गृहस्थांनी सीडी उलटसुलट करून बघितली. “म्हणजे तिला पोरंबाळं झाली तरी ती यात कुमारीच?”

* * *

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीची ऑर्डर मात्र हजार सीड्यांची आली. एवढ्या सीड्या आमच्या मशीनवर लिहिणं शक्यच नव्हतं. त्या बाहेर, सीड्यांच्या फॅक्टरीत छापून घ्यायच्या. आधी मास्टर म्हणजे मूळ प्रत, मग तिच्यावरून धातूचा साचा, मग त्या साच्यातून धडाधड सीड्या. खरा खर्च साच्याचा. “एक काढली तरी साचा तेवढ्यालाच?” शेठ दिवसभर हेच विचारत होता.

सीडी होती टँकर चालवणाऱ्यांसाठी. रस्त्यात गळती झाली तर काय करायचं, ते वसंताच्या आवाजात. एकेक सूचना, एकेक चित्र.

माल आला. कंपनीचे सेफ्टी ऑफिसर न्यायला आले. खोकी खाली रिक्षात चढत होती. जाता जाता ते म्हणाले, “एक लावून तर दाखवा.”

मी लावली. उलटलेल्या टँकरचं चित्र आलं. वसंताचा आवाज आला, “गळती होत असेल तर त्यावर पाणी मारू.”

आणि पुढचं चित्र आलं.

ऑफिसर स्क्रीनजवळ आले. “परत लावा.”

परत तेच. आवाज कापताना शेवटचा ‘नका’ कापला गेला होता. त्या केमिकलवर पाणी पडलं की ते पेट घेतं. “मी बोललो होतो हो. ‘नका’ बोललो होतो,” एवढंच वसंता म्हणत राहिला.

मी जिना उतरून धावत गेले आणि रिक्षा थांबवली. खोकी परत वर आली. ऑफिसर घाम पुसत म्हणाले, “नारीशेठ, आता या खर्चाचं...”

शेठनं एक खोकं फोडलं. वरची सीडी काढली, टेबलाच्या कडेवर दाबून तिचे दोन तुकडे केले.

“साहेब, झगडा बाद में. आधी मोडायला बसा.”